घरी चाखायची व्हिस्की आणि नागपूरची हवा : प्रकल्प नोंदी, नोव्हेंबर २०२४ ते जून २०२५

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीत भेट आलेल्या बाटल्या आणि आधीच्या अर्ध्यामुर्ध्या मिळून जेवणघरातल्या कपाटात पसारा झालाय. आमच्याकडे व्हिस्की म्हणजे नवऱ्याची, श्रीकांतची. मोठा पेग, वर सोडा, बर्फ, चखन्याला शेंगदाणे आणि समोर मॅच. मला सोडा चालत नाही. जेवण आटोपल्यावर छोटा पेग, म्हणजे ३० मिली, घेऊन तो तासभर पुरवायचा, एवढीच माझी मागणी. त्या पिण्याला कोणती व्हिस्की बरी, हे एकदा नीट लावून बघायचं ठरवलं. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा वही आणि मोजपात्र घरातच आहे.

नियम असे: एका वेळी चारच बाटल्या उघड्या. पाचवी फोडायची तर एक संपलेली हवी. चाखायला १५ मिली, एका बैठकीत दोनच. यात शहाणपणाचा आव नाही, नाकच दुसऱ्यानंतर काम करेनासं होतं. शिवाय ४३ टक्क्यांच्या ३० मिलीत जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला की हात आपोआप आखडता राहतो.

कागदपत्रांचं: १९४९चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १,०००. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण. आम्ही दोघांनीही आजीवन काढून ठेवलाय. सासूबाईंना सगळं माहीत आहे. त्यांचा आक्षेप दारूला नाही, सिंकमधल्या ग्लासांच्या गर्दीला आहे.

१८ नोव्हेंबर

परवा विधानसभेचं मतदान. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद, मग २३ला मोजणी, तेव्हा परत बंद. नवी बाटली येणार नाही म्हणून आज ग्लासांचं काम उरकलं.

घरातली जॉनी वॉकर ब्लॅक लेबल एकाच मापाने चार भांड्यांत ओतली: श्रीकांतचा रुंद तोंडाचा जाड ग्लास, वाईनचा छोटा ग्लास, स्टीलचा पेला आणि भाचीने पाठवलेला ग्लेनकेर्न. हा शेवटचा खाली गोलसर, वर निमुळता. स्कॉटलंडमध्ये २००१च्या सुमारास बाजारात आला, आता जगभर चाखणारे तोच धरतात.

फरक अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. रुंद ग्लासात वास पसरून जातो आणि पुढे येतं ते फक्त अल्कोहोल. निमुळत्यात नाक थोडं वर, कडेच्या रेषेत धरलं की मनुका, थोडा धूर, व्हॅनिला असं एकेक वेगळं होतं. वाईनचा छोटा ग्लास ग्लेनकेर्नच्या जवळपास पोचला. ज्यांना खास ग्लास घ्यायचा नाही त्यांनी इतवारीत भांड्यांच्या दुकानात असा निमुळता, पातळ काचेचा कुठलाही ग्लास बघावा. स्टीलच्या पेल्यात मात्र धातूचा वास मध्ये येतो. तो बाद.

३० नोव्हेंबर

लेबलं वाचण्यात आठवडा गेला. थोडक्यात लिहिते, कारण हे सगळीकडे मिळतं.

स्कॉच म्हणजे स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरलेली, ४० टक्क्यांच्या खाली न भरलेली. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. लेबलवर १२ वर्षं लिहिलं असेल तर आतला सगळ्यात तरुण थेंब १२ वर्षांचा. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची. ब्लेंडमध्ये इतर धान्यांची हलकी ग्रेन व्हिस्कीही येते. रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, म्हणून गडद रंग बघून भाळायचं नाही.

आपल्याकडच्या रोजच्या व्हिस्कीचा पाया वेगळा. तिच्यात बहुतेक वेळा मळीपासून किंवा धान्यापासून काढलेलं तटस्थ अल्कोहोल असतं, त्यात थोडं माल्ट स्पिरिट, कधी बाहेरून आणलेलं स्कॉच. मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणूच देत नाहीत. बाटलीवरचा ४२.८ टक्के हा विचित्र आकडा ब्रिटिशांच्या जुन्या प्रूफ मोजणीतून आलाय: त्यांचं ७५ डिग्री प्रूफ म्हणजे आपलं ४२.८.

या बाटल्या मी यादीतून काढल्या. नाक मुरडून नाही. त्या सोडा-पाण्यासाठीच बांधलेल्या आहेत आणि श्रीकांतच्या ग्लासात आपलं काम चोख करतात. नुसत्या पिऊन त्यांच्याकडून जास्तीची अपेक्षा करणं हा त्यांच्यावरच अन्याय.

खरेदीला एकटी गेले. काउंटरवरचा पोऱ्या, "साहेबांना कोणती लागते, ताई?" मी दोन सिंगल माल्टची नावं सांगून त्यांची अल्कोहोलची टक्केवारी विचारली, तेव्हा त्याने मालकाला हाक मारली.

१५ डिसेंबर

थंडी कडक. उद्यापासून अधिवेशन, आज राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी, त्यामुळे सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जायची सोय नाही. घरीच बसले. खोलीत १९ अंश.

आज ग्लेनलिवेट १२ आणि पॉल जॉन ब्रिलियन्स.

ग्लेनलिवेट स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली. तिकडच्या डोंगराळ भागात चोरून दारू गाळण्याचा धंदा जोरात होता तेव्हा, १८२४मध्ये, जॉर्ज स्मिथने रीतसर परवाना घेतला. शेजारचे चोरटे इतके चिडले की तो पिस्तुलं बाळगून फिरायचा. ४० टक्के. वास हिरव्या सफरचंदाचा, थोडा अननस, मागे मध. हे एस्टर, म्हणजे आंबवताना यीस्ट बनवतं ती फळांच्या वासाची संयुगं. बारावीला आयसोअमाइल ॲसिटेट शिकवताना पोरांना हुंगायला देते आणि सगळा वर्ग "केळं!" म्हणतो, त्याच कुळातले. १९ अंशांना, पाणी न घालता, ही व्हिस्की अगदी मोकळी वाटली. घोट गिळल्यावर घशात जाळ नाही.

पॉल जॉन गोव्यातल्या कुंकळ्ळीची, भारतीय बार्लीची, २०१२ला आधी लंडनमध्ये आली आणि मग इकडे. ४६ टक्के. तीच थंडी, तोच ग्लास, पण ही जड. मध, दालचिनी, सुकं खोबरं. खोबरं येतं अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या संयुगामुळे. चार थेंब पाणी घातल्यावर सैल झाली, तरी आजच्या थंडीत ग्लेनलिवेटच पुढे. वहीत ग्लेनलिवेट ८, पॉल जॉन ६.

हे गुण पुढे पूर्ण उलटले, म्हणून तापमानासकट जपून ठेवलेत.

२९ डिसेंबर

काटोल रोडला शेतावर हुरडा. सगळ्यांच्या अंगाला गोवऱ्यांचा धूर चिकटलेला. रात्री घरी येऊन मुद्दाम पीटवाली व्हिस्की उघडली, टॅलिस्कर १०. स्काय बेटावरची, ४५.८ टक्के.

पीट म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून वाळवतात आणि त्याच्या धुरावर ओली बार्ली सुकवतात. धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल दाण्याला चिकटतात आणि गाळल्यावरही उरतात. कंपन्या हे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, सांगतात; आर्डबेग या पीटवाल्या स्कॉचचं पन्नासच्या आसपास. पण ते मोजमाप माल्टमधलं, ग्लासातलं नव्हे. आकडा मोठा म्हणून घोट तितकाच धुरकट असेल असं नाही.

टॅलिस्करमध्ये धूर आहे, त्यापाठोपाठ मिरी आणि खारटपणा. सावजी रश्शावर वाढलेल्या जिभेला मिरीचं काय? उलट बरं वाटलं. श्रीकांतच्या मते जुन्या लाल लाइफबॉयचा वास. चूक नाही, तो साबण कार्बोलिक होता आणि कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉलच. लाफ्रॉइग मागे एकदा एका लग्नात चाखली होती, तिला सगळेच डेटॉल म्हणतात. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉलही फिनॉलच्याच गोतावळ्यातलं. नाक खोटं बोलत नाही.

३१ला नणंदेकडे वर्ध्याला जायचंय. बाटली घरीच. वर्धा जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी आहे, तिथे आमचा आजीवन परवानाही कामाचा नाही. गडचिरोलीत १९९३पासून बंदी. चंद्रपूरची २०१५ला आली आणि २०२१ला उठली. नागपूरच्या माणसाने गाडीच्या डिकीत बाटली टाकण्याआधी कुठल्या दिशेला निघालोय ते बघावं.

१९ जानेवारी २०२५

आंधळी चाचणी. धाकटे दीर आणि जाऊबाई जेवायला होत्या. मी स्वयंपाकघरात ओतलं, भाचीने चिठ्ठ्या लावल्या: अ, ब, क, ड. ओतणारी मी असल्याने मलाही कळू नये म्हणून ट्रेवरची जागा तिने बदलली.

भाऊजी सुरुवातीलाच, "वहिनी, पाजून राहिल्या का प्रॅक्टिकल घेऊन राहिल्या?"

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. चारपैकी दोन ग्लासांत एकच व्हिस्की होती, ग्लेनलिवेट. तिला भाऊजींनी एकदा ७ आणि एकदा ४ दिले. श्रीकांतने ६ आणि ८. जाऊबाईंनी ५ आणि ६, त्यांचं नाक सगळ्यात स्थिर, आणि त्या एरवी पीतही नाहीत. म्हणजे दहापैकी दोन-तीन गुणांचा फरक हा आमच्या घरात फरकच नाही. आधीच्या नोंदींतल्या बारीक क्रमवारीवर पेन्सिलने काट मारली, फक्त मोठ्या उड्या ठेवल्या.

टॅलिस्कर सगळ्यांनी ओळखली. भाऊजी म्हणाले, "हे ड तं हुरड्याच्या आगटीतून काढलेली वाटून राहिली."

मग पाण्याचा खेळ. ड मध्ये ड्रॉपरने पाणी घालत गेलो आणि धूर वाढल्यासारखा वाटला. हा भ्रम नसावा. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठाच्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ला संगणकावर दाखवलं की तीव्र द्रावणात ग्वायाकॉलचे रेणू इथेनॉलच्या घोळक्यात दडून राहतात आणि द्रव पातळ केला की पृष्ठभागाकडे, म्हणजे नाकाकडे, सरकतात. वेगवेगळ्या पिंपांची व्हिस्की मिसळणारी ब्लेंडर मंडळी हुंगताना व्हिस्की २० टक्क्यांच्या आसपास आणतात ती याच अनुभवावर. तेव्हा पाणी घालणं हा बायकी प्रकार आहे असं यापुढे कोणी म्हटलं तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्यायचा.

पाणी कोणतं? बोअरचं जड, क्षारांची चव लागते. नळाच्या पेंचच्या पाण्याला ताजं असताना क्लोरीनचा वास. रात्रभर उघडं ठेवलेलं नळाचं पाणी ठीक. आरओचंही ठीक.

२ मार्च

बारावीचे पेपर घरी आलेत. नाकाला सुट्टी. फक्त मेकर्स मार्कची बाटली मधे उघडली, कारण मृग बहराची संत्री बाजारात आहेत आणि सालीचा तेलकट फवारा बूर्बनवर, म्हणजे या अमेरिकन व्हिस्कीवर, कसा लागतो ते बघायचं होतं. छान लागतो. बूर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, म्हणून व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा मारा. एकदा वापरलेली तीच पिंपं पुढे स्कॉटलंडला आणि आपल्याकडे येतात. मेकर्स मार्कमध्ये राय या धान्याऐवजी गहू असल्याने ती तिखट नाही, गोडसर आहे. मला अर्ध्या पेगनंतर गोड जड होतं. श्रीकांतला आवडली, त्याच्या खात्यात टाकली.

३० मार्च

गुढीपाडवा. कूलर काढले, नव्या ताट्या बसवल्या. आता महिनाभर घरात ओल्या वाळ्याचा वास. तो मला प्रिय आहे, पण त्यात ग्लेनलिवेटचं सफरचंद पार बुडालं. हुंगायचं काम मागच्या खोलीत, कूलर बंद करून. म्हणजे घाम पुसत.

२० एप्रिल

प्रकल्पाची खरी सुरुवात आजपासून धरायला हवी.

बाहेर पारा चव्वेचाळिसाच्या पार. रात्री नऊला मागच्या खोलीत ३४ अंश, बाटलीतली व्हिस्कीही ३४. डिसेंबरात जी ग्लेनलिवेट पाण्याविना मोकळी वाटली, तिचा ग्लास नाकाशी नेला आणि डोळ्यांत पाणी आलं. सफरचंद नाही, मध नाही, नुसतं स्पिरिट.

कारण साधं आहे. इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांना ५.९ किलोपास्कल, ३५ला साधारण १३.७. दुपटीहून जास्त. ग्लासाच्या निमुळत्या तोंडाशी तेवढी जास्त वाफ साचते आणि बाकीचे वास तिच्याखाली चिरडले जातात. इंग्रजी पुस्तकांत "खोलीच्या तापमानाला, नुसती" असा सल्ला असतो. तो देणाऱ्याची खोली एडिनबरातली आहे. आमच्या खोलीत एप्रिल ते जून तो सल्ला पाळणं म्हणजे नाकाला शिक्षा.

तर थंड करावी लागणार. प्रश्न कशाने.

बर्फ: २० ग्रॅमचा खडा पूर्ण वितळला तर ३० मिली पेगमध्ये २० मिली पाणी आलं. ४० टक्क्यांची व्हिस्की उतरली २४वर, ५० टक्क्यांची ३०वर. २४ला ग्लेनलिवेट म्हणजे सफरचंद धुतलेलं पाणी.

दगडाचे थंड ठोकळे: भेट म्हणून फार फिरतात. पाणी होत नाही हे खरं, पण बर्फ गार करतो तो मुख्यतः वितळताना, ग्रॅममागे ३३४ ज्यूल खेचून. दगडाला वितळायचं नाही, त्याची उष्माधारकता पाण्याच्या चौथाईच्या आसपास. तेवढ्याच वजनाचा ठोकळा पेगचं तापमान चार-पाच अंश कमी करतो आणि थांबतो. ३४ची ३० झाली तर काय मिळवलं? ठोकळे भाचीला दिले, पेपरवेट म्हणून.

फ्रिजमध्ये बाटली: पाच अंशांना व्हिस्की घट्टसर होते, वास झोपतो. ग्लास हातात धरून बसलं तर मधे दहा मिनिटं अशी येतात की ती १८-२० अंशांना असते. त्या दहा मिनिटांत सगळं ठीक. पण तासभर पुरवायची तर पुढची पन्नास मिनिटं ती परत तापत राहते.

माठाचं पाणी: यावर टिकले. व्हिस्की फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं, ग्लासही, आणि वरून माठातलं १५ मिली पाणी. माठ नवा नको, नव्याला मातीचा वास सुटतो. गेल्या वर्षीचा, धुतलेला. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच गार राहतं आणि बर्फासारखा धक्का देत नाही. घोट २०-२२ अंशांना बसतो.

२७ एप्रिल

मग पाणी घालायचंच असेल तर ज्या व्हिस्कीत पाण्याला जागा आहे ती घ्यावी. ३० मिलीत १५ मिली पाणी: ४० टक्क्यांची झाली २६.७, ४६ची ३०.७, ५०ची ३३.३. लोक उन्हाळ्यात हलकी, कमी टक्क्यांची शोधतात. मीही तेच गृहीत धरलं होतं. हिशेब उलटा सांगतो आणि जीभही.

अमृत फ्यूजन परत घेतली. ५० टक्के. भारतीय बार्ली तीन हिस्से, स्कॉटलंडची पीटवाली बार्ली एक हिस्सा. जानेवारीत ही नुसती घेताना घसा चरचरला होता. आज माठाच्या पाण्यात ती उलगडली: आधी संत्र्याची साल, मग भाजलेलं धान्य, शेवटी अगदी थोडा धूर. पाणी जाऊनही अंगात बळ राहिलं. डिसेंबरात मागे पडलेली पॉल जॉन आज ८. ग्लेनलिवेट ४. ही उडी दोन-तीन गुणांच्या कुरबुरीपलीकडची आहे. थंडपणात फळांचे वास आधी विरतात आणि धूर शेवटपर्यंत टिकतो, हेही दिसलं. टॅलिस्करने दोन्ही ऋतूंत जागा राखली ती बहुधा म्हणून.

भाऊजी आले होते. त्यांनी पॉल जॉनमध्ये आपला बर्फ टाकलाच. पाच मिनिटांत ग्लास गढूळ. "वहिनी, हे बाटली खराब निघाली. पाह्यजा, धुरकट होऊन राहिली."

खराब नव्हे, उलट. मुरलेल्या व्हिस्कीत लांब साखळीच्या मेदाम्लांचे एस्टर असतात. अल्कोहोल ४६ टक्क्यांच्या खाली गेलं आणि द्रव गार झाला की ते विरघळलेले राहत नाहीत, धुकं धरतात. ग्राहक घाबरू नये म्हणून बऱ्याच कंपन्या व्हिस्की आधीच गार करून गाळतात, त्यात थोडं अंगही जातं. ४६ला भरणारे बहुतेक गाळत नाहीत. मी हे समजावलं. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि तरी श्रीकांतची बाटली मागितली.

७ मे

पेपरात भारत-ब्रिटन व्यापार कराराची बातमी. स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून आधी ७५ आणि दहाव्या वर्षापर्यंत ४०. श्रीकांत खूश. लगेच काही होणार नव्हतं, करारावर तेव्हा सही व्हायची होती, आणि बाटलीच्या किमतीत राज्याचा वाटा वेगळाच. महाराष्ट्राने २०२१ला आयात स्कॉचवरचं आपलं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५०वर आणलं, तेव्हा दुकानात फरक जाणवला होता.

मला यात वेगळंच दिसतं. ज्या उकाड्याने माझी ग्लेनलिवेट बिघडवली तोच भारतीय माल्टचा कारागीर आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. बंगळुरूत अमृतच्या कोठारात १० ते १२. उष्णतेने स्पिरिट लाकडात जोरात आत-बाहेर करतं, म्हणून चार-पाच वर्षांत तिकडच्या बारा वर्षांचा रंग-वास येतो, आणि आणखी ठेवलं तर पिंप रिकामं. म्हणूनच आपल्या बाटल्यांवर वय क्वचित लिहितात. वय नाही म्हणून कमी प्रतीची, हा आपल्याकडचा दुकानी समज इथे लागू होत नाही.

अमृत बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाची, १९४८ची. नीलकंठ जगदाळे यांनी सिंगल माल्ट पहिल्यांदा विकायला काढली ती ग्लासगोत, ऑगस्ट २००४मध्ये. स्कॉटलंडच्या दारात जाऊन. व्हिस्की समीक्षक जिम मरे यांनी २०१०च्या त्यांच्या वार्षिक यादीत फ्यूजनला ९७ गुण देऊन जगात तिसरी ठेवली, तोवर इथे तिला कोणी विचारत नव्हतं. अमृतचे तेव्हाचे मास्टर ब्लेंडर सुरिंदर कुमार पुढे हरियाणात पिकॅडिली या कंपनीकडे गेले आणि इंद्री ही सिंगल माल्ट तिथून आली.

इंद्री ट्रिनीही घेतली आहे, ४६ टक्के. बूर्बन, फ्रेंच वाईन आणि शेरी अशा तीन पिंपांतली. मनुका, सुकं अंजीर, चहाचा तुरटपणा. माठाच्या पाण्यात चांगली. दुकानात मात्र "जगातली नंबर वन" म्हणून पुढे करतात. २०२३चं ते अमेरिकेतलं बक्षीस त्यांच्या दिवाळी आवृत्तीला होतं, या बाटलीला नाही. ट्रिनीला त्या उधारीची गरजही नाही.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला, पण यंदा आभाळ भरलेलं, अवकाळी सरी. खोलीत ३०. नवतप्यासाठी राखून ठेवलेली तुलना वाया गेली. आर्डबेग १० उघडायची होती ती पुढच्या थंडीवर ढकलली, आधीच्या चारपैकी एकही संपलेली नाही.

साठवणीचं लिहून ठेवते. व्हिस्कीची बाटली वाईनसारखी आडवी ठेवायची नाही, तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. उभी, अंधारात, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे खालच्या फळीवर, पश्चिमेची भिंत सोडून. वरच्या फळीवर आणि खालच्या फळीवर एप्रिलच्या दुपारी पाच अंशांचा फरक मोजला. वरच्या फळीवरच्या एका बाटलीचं बूच वाळून उघडताना तुटलं, चहाच्या गाळणीतून गाळून घ्यावी लागली. बाटली तिसऱ्या हिश्श्यावर आली की आत हवा जास्त होते आणि महिन्या-दोन महिन्यांत वास फिका पडतो. अशी उरलेली लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवते. प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटल्या याला उत्तम, अर्थात कोऱ्या.

१५ जून

१०ला मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं. रोजच्या भारतीय बनावटीच्या व्हिस्कीवर उत्पादनखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट. क्वार्टर आता किमान २०५ रुपये, आणि धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड' नावाची नवी श्रेणी १४८पासून. वाढीचा मुख्य भार स्वस्त बाटल्यांवर आहे, माझ्या चारांवर थेट नाही. श्रीकांतचा सोडा-पेग महागला आणि माझा होता तिथेच. काल रात्री त्याने पहिल्यांदा सोड्याशिवाय फ्यूजन घेतली, माठाच्या पाण्यात. तिसऱ्या घोटाला सोडा आणलाच.

कपाट सध्या असं ठरलंय. बारमाही दोन: टॅलिस्कर १० आणि अमृत फ्यूजन. तिसरी जागा ऋतूप्रमाणे, मार्चपासून पावसापर्यंत पॉल जॉन ब्रिलियन्स किंवा इंद्री, दिवाळीनंतर ग्लेनलिवेट १२ किंवा तशीच कुठली हलकी, ४० टक्क्यांची. चौथी श्रीकांतची मेकर्स मार्क. इंद्री आणि पॉल जॉन यांत निवड झालेली नाही. पावसाळी दमट हवेत दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघायच्यात, २४-२६ अंश आणि भरपूर ओल हे गणित अजून केलेलंच नाही. आयरिश राहिली. जेमसन दोनदा घेतली, पण तीन वेळा ऊर्ध्वपातन करून आलेला तिचा गुळगुळीतपणा मला लवकर कंटाळवाणा होतो. भाऊजींना तीच सगळ्यात जास्त आवडली हे नोंदवणं भाग आहे.

रिकाम्या बाटल्या भंगारात द्यायच्या आधी लेबलं ओली करून खरवडली, झाकणं वेगळी टाकली. महाग व्हिस्कीच्या अख्ख्या बाटल्या, झाकणासकट, बनावट माल भरायला विकत घेणारे असतात. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, लेबल राहू द्या ना, जास्त पैसे देतो." नाही दिल्या. डिस्टिलरीचं नाव आणि बाटलीचा बॅच नंबर वहीत उतरवून घेतलाय, पुढच्या खेपेला तीच बाटली वेगळी लागली तर बॅच ताडून बघता येईल.